साहेबाची केबिन आणि अलास्कातली केबिन: शब्द हवा आहे

कोरा_कागद

दिवाळी अंकासाठी डिक प्रेनेकीवर लेख लिहितोय. (स्पेलिंग बघून 'प्रोएनेके' म्हणावंसं वाटतं, पण उच्चार प्रेनेकी.) जन्म १९१६ चा, आयोवातला. दुसऱ्या महायुद्धात नौदलात सुतार, पुढे अलास्कात डिझेल मेकॅनिक. १९६८ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, ट्विन लेक्स नावाच्या जोडतळ्यांपैकी वरच्या तळ्याकाठी त्याने एकट्याने ओंडक्यांचं घर उभं केलं आणि मधले काही खंड सोडले तर तीसेक वर्षं तिथेच राहिला.

माझं पहिलं वाक्य असं: "प्रेनेकी रानातल्या आपल्या केबिनमध्ये एकाकी आणि स्वयंपूर्ण आयुष्य जगला." बायकोने वाचलं आणि विचारलं, "म्हणजे साहेब होता का?" तिचं बरोबर आहे. केबिन म्हटलं की आपल्याला काचेचं दार, आत एसी आणि बाहेर शिपाई दिसतो, नाहीतर ट्रक दिसतो. झोपडी लिहावं तर गरिबी येते, कुटी लिहावं तर दाढी येते. 'लाकडी घर' म्हणजे रिसॉर्टची जाहिरात. सुचवा काहीतरी.

सड्यावरचा

आमच्या सिंधुदुर्गात 'मांगर' म्हणतील. घरापासून लांब, बागेत बांधलेला. गुरं, गवत, काजूच्या दिवसांत राखणीला माणूस. माझे आजोबा आजीशी वाजलं की मांगरात जाऊन राहायचे. पेज स्वतः करायचे, भांडी स्वतः घासायचे, कोणाशी बोलायचे नाहीत. पाचव्या दिवशी मीठ संपायचं, मग घरी.

डोंगरवाट

मांगर गोड शब्द आहे, पण मांगराच्या मागे घर असतं. अकोले-जुन्नरच्या डोंगरात 'झाप' असतात, गुरांसाठी बांधलेली एकटी-दुकटी घरं, कारवीच्या कुडाची. ऊसतोडवाल्यांची 'कोपी' असते, पट्टा पडला, म्हणजे तोडीचा हंगाम संपला, की मोडायची. शेतातलं 'खोपटं' असतंच. पण हे सगळे शब्द हंगामी आहेत. रानात एकट्याने कायमचं राहायला बांधलेलं घर असं म्हटलं, की मराठीत थेट साधूच उभा राहतो. तसं दुसरं कोणी राहत नसावं, म्हणून शब्दही नसावा.

ढवळ्या_पवळ्या

आधी 'रानातल्या' काढा. आमच्या सोलापूरकडं रान म्हणजे शेत. "बापू कुठंय?" "रानात गेलाय." तुमचं वाक्य वाचून आमची आई विचारंल, किती एकर आणि पाणी कशाचं.

कोरा_कागद

अरण्य?

ढवळ्या_पवळ्या

अरण्य म्हटलं की वनवास आला, मागोमाग हरिण आलं. जंगल लिवा की सरळ.

रंधा

'उभं केलं' लिहिलंत ते बरं केलंत. 'बांधलं' लिहू नका. आपल्याकडे 'मी घर बांधलं' म्हणजे कर्ज काढलं, ठेकेदार गाठला आणि रोज संध्याकाळी जाऊन सिमेंटची पोती मोजली. माझे वडील सुतार. जन्मभर लोकांच्या घरांचं लाकूडकाम केलं. पण 'यांनी घर बांधलं' असं त्यांच्याबद्दल लोक एकदाच म्हणाले, आमचं स्वतःचं झालं तेव्हा. त्यामुळे 'स्वतःच्या हातानं' हे दोन शब्द खर्च केल्याशिवाय मराठीत अर्थ पोचत नाही. 'हस्तनिर्मित' मात्र नको, ते प्रदर्शनातल्या साबणाला शोभतं.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. त्याने १९६७ च्या उन्हाळ्यातच स्प्रूसची झाडं पाडून, सालं काढून ओंडके रचून ठेवले होते. काम पुढच्या वर्षी. ओलं लाकूड भिंतीत घातलं की वाळताना आखडतं आणि फटी पडतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. प्रत्येक ओंडक्याच्या टोकाशी खालच्या अंगाला अर्धगोल खाच. घोड्यावर खोगीर बसावं तसा तो आडव्या ओंडक्यावर बसतो. खाच पाडायची, ओंडका बसवून बघायचा, उचलायचा, पुन्हा तासायचं. सगळी हत्यारं हातानं चालवायची. त्यातल्या कित्येकांची तर त्याने नुसती पाती नेली, दांडे तिथल्याच लाकडाचे घातले. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो असा शब्दशः. दाराच्या बिजागऱ्या लाकडाच्या, कडीसुद्धा लाकडाची. वडील म्हणाले असते, "गिऱ्हाईक नाही म्हणून परवडतं."

कोशकीटक

केबिनचं काय व्हायचं ते होवो, माझी हरकत 'स्वयंपूर्ण'ला आहे. सड्यावरच्यांच्या आजोबांचं मीठ आठवा. प्रेनेकीकडे अधूनमधून छोटं विमान यायचं, पाण्यावर नाहीतर बर्फावर उतरणारं. त्यातून ओट्स, पीठ, साखर, घेवड्याचे दाणे आणि टपाल. छपरावर शेवाळाचा थर होता हे फोटोत छान दिसतं, पण त्याखाली डांबरी कागद आणि प्लास्टिक होतं. रिकाम्या पेट्रोलच्या डब्यांचा पत्रा कापून त्याने भांडी केली. कारागिरी त्याची, पण डबा कुठून आला? ज्या कॅमेऱ्याने त्याने स्वतःचं काम चित्रित केलं, तो काही झाडाला लागला नव्हता.

स्वयंपूर्ण म्हणजे ज्याला बाहेरचं काही लागत नाही ते. हा शब्द गावाला लावतात, राज्याला लावतात. गोवा सरकारने २०२० मध्ये 'स्वयंपूर्ण गोंय' काढलं ते त्याच अर्थाने. एका माणसाला स्वयंपूर्ण म्हणायचं तर तो परब्रह्मच हवा. 'स्वावलंबी' वेगळा. अवलंब म्हणजे आधार, टेकू. वस्तू बाहेरून आली तरी चालेल, ती वापरून करायचं काम दुसऱ्यावर टाकायचं नाही. रयत शिक्षण संस्थेचं ब्रीद 'स्वावलंबी शिक्षण' आहे, 'स्वयंपूर्ण शिक्षण' नाही. पोरं राबून शिकत होती, पण पुस्तकं काही शेतात उगवत नव्हती.

सड्यावरचा

आजोबांचं मीठ मधे आणू नका हो. पण पटलं.

कोरा_कागद

मलाही पटलं, पण 'स्वावलंबी' लिहिलं की शाळेचा फळा आणि आजचा सुविचार दिसतो. त्याचं काय करू?

माजघर

'एकाकी' कोणी सांगितलं तुम्हाला? एकटा ही नुसती मोजणी आहे. एकाकी म्हटलं की त्याला वाईट वाटतंय असं ठरवून टाकलंत. एकलकोंडा हे शेजारी म्हणतात आणि तिथे शेजारी फारसे नव्हतेच. हा माणूस रोजनिशी लिहीत होता, पत्रं लिहीत होता, आलेल्या-गेलेल्यांचं करत होता.

मला 'एकांडा' आवडेल. मराठी फौजेत बारगिराला घोडं सरकारी, एकांडा मात्र कुठल्या पथकात नसलेला, स्वतःचं घोडं नि हत्यार घेऊन एकटाच चाकरीला येणारा.

रंधा

पातं स्वतःचं, दांडा स्वतःचा. बसतंय.

ढवळ्या_पवळ्या

आता एकांडा शिलेदार म्हणजे तिकीट न मिळालेला. लोक तेच वाचतील.

अनामिक

इतकी डोकेफोड कशाला, 'वानप्रस्थ' आहे ना? वयही बरोबर बसतं.

माजघर

वानप्रस्थाच्या आधी गृहस्थाश्रम लागतो. प्रेनेकीने लग्नच केलं नव्हतं.

डोंगरवाट

एक शंका. ते घर आता लेक क्लार्क राष्ट्रीय उद्यानात जपून ठेवलंय आणि 'प्रेनेकीची केबिन' म्हणूनच ओळखलं जातं. मग विशेषनाम म्हणून एकदा 'केबिन' ठेवायला काय हरकत? शनिवारवाड्याचं कोणी भाषांतर करत नाही.

कोरा_कागद

ठेवतो, पण पुढे कुठेतरी. सुरुवात आता अशी: "१९६८ मध्ये बावन्न वर्षांचा डिक प्रेनेकी अलास्काच्या जंगलात, तळ्याकाठी, स्वतःच्या हातानं रचलेल्या ओंडक्यांच्या घरात एकटा राहू लागला. पीठमीठ विमानानं येई. बाकीचं तो करी." स्वावलंबी लिहिलंच नाही. बायको म्हणाली, चालेल.

कोशकीटक

'पीठमीठ' झकास. माझी हरकत मागे.

कोरा_कागद

आणखी एक. घराजवळ त्याने उंच खांबांवर एक छोटी लाकडी कोठी केली होती. अस्वलांनी अन्नाला तोंड लावू नये म्हणून. कणगी म्हणू?

ढवळ्या_पवळ्या

कणगी जमिनीवर असती. हा माळा झाला, ज्वारीच्या राखणीला घालतो तसा. फरक एवढाच, आमच्यात राखणदार वर आणि धान्य खाली. हितं उलटं.

रंधा

माळाच लिहा. आणि शिडी रात्री कुठे ठेवायचा तेही लिहा, नाहीतर माळ्याला अर्थ नाही.