मोझांबिकची लपवलेली कर्जे आणि आपल्या खाणी

गरीब देशांत पगार अपुरे पडतात म्हणून लाच फोफावते, हे मत मला अर्धेच पटते. कित्येकदा गरिबी वरून खाली ढकलली जाते. गोव्यातील कितीतरी घरांचा जुना संबंध असलेल्या मोझांबिकमध्ये २०१३-१४ साली ट्यूना मासेमारीचा ताफा आणि किनारा सुरक्षा यांच्या नावाखाली सरकारी हमीवर सुमारे २ अब्ज डॉलरची कर्जे उचलली गेली आणि त्यांतील मोठा भाग संसदेपासूनही लपवून ठेवला गेला. २०१६ मध्ये तो उघडकीस येताच आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने व मदत करणाऱ्या देशांनी अर्थसाहाय्य रोखले, चलन कोसळले आणि महागाईची झळ त्या बोटी कधी न पाहिलेल्यांना बसली. माजी अर्थमंत्री मानुएल चांग न्यूयॉर्कमध्ये दोषी ठरेपर्यंत २०२४ साल उजाडले.

आपल्याकडे गोव्यात खाणींची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाने बेकायदा खाणकामामुळे सुमारे ३५ हजार कोटी रुपयांच्या नुकसानीचा अंदाज वर्तवला होता. (हा आकडा वादग्रस्त आहे, हे मान्य.) मात्र २०१२ च्या खाणबंदीनंतर घरी बसले ते सांगे-डिचोलीतील ट्रकवाले आणि खनिज वाहणाऱ्या बार्जवरचे कामगार; त्यांचे बँकांचे हप्ते इतके थकले की सरकारला कर्जमदतीची वेगळी योजना आणावी लागली.