शब्दचर्चा: ‘हँडलिंग’मधल्या ‘रिक्वायर्ड’ला ‘अनिवार्य’ म्हणावे का?

तारवाला:
एसआयपीवरच्या (इंटरनेटवरून कॉल जोडण्याच्या नियमसंचावरच्या) मराठी टिपणासाठी शब्द हवे आहेत. इनव्हाइटच्या, म्हणजे कॉल सुरू करणाऱ्या विनंतीच्या, बॉडीत (आतल्या मजकुरात) कॉलचे एसडीपी असते, म्हणजे आवाज-चित्र कसे पाठवायचे याचे वर्णन. आपत्कालीन कॉल असेल तर सोबत ठिकाण सांगणारे एक्सएमएलही जाते. अशा ‘मल्टिपार्ट’ बॉडीला मी ‘बहुभागी’ म्हटले आहे. भागांवर ‘हँडलिंग’ची खूण असते, रिक्वायर्ड किंवा ऑप्शनल. ‘अनिवार्य’ आणि ‘ऐच्छिक’ चालतील?

खडूफळा:
बहुभागी ठीक. अनिवार्य मात्र नको. वाचणाऱ्याला वाटेल, हा भाग पाठवलाच पाहिजे. इथे भाग तर आलेलाच आहे. घेणाऱ्याला तो कळला नाही तर काय, एवढाच प्रश्न. रिक्वायर्ड असेल तर अख्खी विनंती ४१५ (‘हा प्रकार चालत नाही’ सांगणारा उत्तर-क्रमांक) देऊन नाकारायची, ऑप्शनल असेल तर तेवढा भाग सोडून पुढे जायचे. मी ‘समजणे आवश्यक’ आणि ‘सोडला तरी चालेल’ असे लिहीन. लांबलचक आहे, पण अर्थ चुकत नाही.

तारवाला:
आणि खूणच नसेल तर?

खडूफळा:
रिक्वायर्डच धरायचे, एसआयपीच्या मानक दस्तऐवजात, २००२ च्या आरएफसी ३२६१ मध्येच तसे आहे. गंमत तिथेच होते. जुन्या टेलिफोन जाळ्यातला कॉल जोडण्याचा आयएसयूपी संदेश गेटवे (जुने जाळे आणि इंटरनेट जोडणारे यंत्र) एसडीपीच्या जोडीने पाठवतो. पलीकडे दुसरा गेटवे असला तर उत्तम. साधा आयपी फोन असला तर त्याला त्यातले ओ की ठो कळत नाही, आणि वर ‘ऑप्शनल’ लिहिलेले नसेल तर चांगला कॉल लागायचा राहतो. २००९ च्या आरएफसी ५६२१ मध्ये हा सगळा विषय सविस्तर आहे.

शेवपापडी:
बहुभागीच्या ‘मिक्स्ड’ प्रकाराला मिश्र म्हणू नका, कालवल्यासारखे वाटते. भाग ताटातल्या पदार्थांसारखे वेगवेगळेच राहतात. ‘एकत्रित’ बरे. ‘अल्टर्नेटिव्ह’ प्रकारात भाग म्हणजे एकाच मजकुराची वेगवेगळी रूपे; त्याला ‘पर्यायी’ चालेल, पण खाली एक ओळ हवीच: पर्याय चढत्या पसंतीने लावतात, म्हणून समजणाऱ्यांपैकी शेवटचा घ्यायचा. आपण सवयीने पहिलाच उत्तम धरतो.

तारवाला:
भाग वेगळे करणाऱ्या ओळीला, म्हणजे बाउंडरीला, ‘दुभाजक’?

खडूफळा:
रस्त्यावरचा दुभाजक दोनच बाजू करतो, इथे तीन-चार भागही असतात. ‘विभाजक’ घ्या. आणि हे नक्की लिहा की शेवटच्या विभाजकाच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडे दोन-दोन आडव्या रेघा लागतात, आधीच्यांना फक्त सुरुवातीला.

शेवपापडी:
विभाजक मान्य. ‘ऐच्छिक’ मात्र शाळेतल्या विषयांसाठीच राहू दे.