मदत हवी आहे : मुलांना घेऊन घर सोडायचं आहे, आधी काय काय करून ठेवू?

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे. हा आयडी मुद्दाम नवीन काढला आहे, कारण समजून घ्याल.

पिंपरी-चिंचवडमध्ये राहते. मुलगी दुसरीत, मुलगा चार वर्षांचा. नवरा कंपनीत कायम नोकरीला, दारू नाही, बाहेर सगळ्यांशी गोड. घरात मात्र तोंडाला येईल ते बोलणं, माहेरचा उद्धार, दहा रुपयांच्या कोथिंबिरीचाही हिशोब. लग्नानंतर माझी नोकरी सुटली, एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात गेलं ते आजतागायत. हात दोनदा उचलला आहे, पण खरं सांगू, मारापेक्षा बाकीचंच जास्त आहे. खाली त्याची गाडी लागल्याचा आवाज आला की लेक टीव्ही बंद करते, रंगपेटी दप्तरात कोंबते आणि उगाचच गणिताचं पुस्तक उघडून बसते. तिला कुणी शिकवलेलं नाही हे.

आई म्हणते पोरांकडे बघून दिवस काढ. पोरांकडे बघूनच निघायचं ठरवलं आहे. त्यामुळे 'सांभाळून घ्या' हा सल्ला कृपया नको. थोरली बहीण कोल्हापुरात आहे, तिथे एका पतसंस्थेत टॅलीचं काम मिळण्यासारखं आहे. मी बीकॉम आहे.

अडलंय ते असं : मुलांना दुसऱ्या जिल्ह्यात नेलं तर 'पळवून नेली' अशी तक्रार होऊ शकते का? केस इथे पिंपरीतच करावी लागेल का? शाळेचा दाखला वडिलांच्या सहीशिवाय देत नाहीत असं ऑफिसमध्ये सांगितलं, मग कोल्हापुरात प्रवेश कसा होणार? आणि माझे दागिने दोघांच्या नावच्या लॉकरमध्ये आहेत.

चाफेकळी : ताई, कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा फक्त मारहाणीपुरता नाही. शिवीगाळ, मानसिक छळ, पैशाची कोंडी, सगळं त्यात बसतं. कलम 27 प्रमाणे तुम्ही तात्पुरत्या जिथे राहता तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो, म्हणजे कोल्हापुरात करता येईल. त्याच अर्जात खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा आणि स्त्रीधन परत मागता येतं. हिंदू असाल तर पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडेच राहतं. मुलीच्या बाबतीत तिचं हित कशात आहे ते न्यायालय बघेल, म्हणून ताब्याचा अर्ज लांबवू नका. निघाल्यावर लगेच पोलीस ठाण्यात लेखी द्या की मी स्वखुशीने मुलांसह बहिणीकडे आले आहे, आणि पोच घ्या. त्याने मिसिंगची तक्रार दिली तर हाच कागद कामी येतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न बघत नाहीत. कायद्यात 60 दिवसांत निकाल लिहिलाय, प्रत्यक्षात तारखा पडतात. वर्षभराची तयारी ठेवा.

जुना_सातारकर : एकदा दोन्हीकडची मोठी माणसं बसवून बघा की. एका बाजूने ऐकून काय बोलणार.

धागाकर्ती : दोनदा बसवली काका. बैठक संपून पाहुणे लिफ्टपर्यंत पोचायच्या आत सुरू झालं होतं.

कोरडवाहू : दाखल्यासाठी अडू नका. मुलगी सहा ते चौदा वयातली आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 प्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. खाजगी विनाअनुदानित शाळेचा नाद सध्या सोडा.

आता महत्त्वाचं, जे सगळ्या विसरतात. तुमच्या आधारला मोबाईल नंबर कुणाचा आहे? नवऱ्याचा असेल तर तुम्ही काहीही करा, ओटीपी त्याच्याच फोनवर. स्वतःचं सिम घ्या, आधार केंद्रावर जाऊन नंबर बदला, कागद लागत नाही, बोटांचे ठसे पुरतात. मग त्याला माहीत नसलेल्या बँकेत एकटीच्या नावाने खातं. फोनमधलं लोकेशन शेअरिंग तपासा. मुलांचे जन्मदाखले, लसीकरणाचं कार्ड, लग्नाचं प्रमाणपत्र, त्याच्या पगाराच्या स्लिपचे फोटो काढून बहिणीला पाठवा आणि आपल्या फोनमधून उडवा. लॉकर दोघांपैकी कुणीही उघडू शकेल असा आहे का ते बँकेत विचारा. असेल तर फक्त स्वतःचे दागिने काढा, फोटो आणि पावत्यांसकट. महिला हेल्पलाइनचा 181 नंबर पाठ करून ठेवा, नवरा अंगावर आला तर सरळ 112 ला फोन.

धागाकर्ती : दोघांचेही खूप आभार. आधारला त्याचाच नंबर आहे, लक्षातच आलं नव्हतं. मुलाच्या निळ्या आधारलाही तोच. उद्या लेकीला शाळेत सोडून केंद्रावर जाते. एक विचारायचं राहिलं : पोलिसांना द्यायचं पत्र पिंपरीच्या ठाण्यात द्यायचं की कोल्हापुरात पोचल्यावर तिथल्या? इथल्या ठाण्यात त्याच्या ओळखी आहेत.

चाफेकळी : कोल्हापुरात पोचून तिथेच द्या. इथल्या ठाण्याला तिथूनच स्पीड पोस्टाने प्रत पाठवा, पावती जपा. इथे पाऊल ठेवू नका.