पेशवाईतल्या वाड्यावरची कादंबरी : कारभारी आणि हुजऱ्या वेगळे कसे उभे करायचे?

लेखणबोरू
एका सरदाराच्या वाड्यात घडणारी कादंबरी लिहितेय. कारभारी, कारकून, हुजऱ्या (धन्याच्या दिमतीचा नोकर), मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारा), कुणबीण (वाड्यातली दासी) सगळे आहेत, पण वाचताना सगळे एकाच सुरात "जी धनी" म्हणतात. शेवटी सगळे नोकरच ना? फरक नेमका कुठे धरू?

मोडीवाचक
धन्याला मोहिमेवर पाठवा आणि सावकाराचा माणूस देवडीवर आणा. त्याला किती द्यायचे, खत म्हणजे कर्जरोखा बदलून द्यायचा का, हे कारभारी ठरवतो आणि धन्याच्या शिक्क्याचा कागद देतो. हुजऱ्या गूळपाणी देईल, फार तर "धनी नाहीत" म्हणेल. धनी परतल्यावर कारभाऱ्याला रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, पुढे ठेवून जाब द्यावा लागतो, त्यामुळे त्याची भीतीही निराळी. हुजऱ्या छडीला भितो, कारभारी दप्तर जप्त होण्याला.

याचं टोक पाहायचं तर १७७४. सवाई माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली तेव्हा ते चाळीस दिवसांचे होते. नाव त्यांचं, कारभार बारभाईंचा, म्हणजे मुत्सद्द्यांच्या मंडळाचा.

एक सावधगिरी : जुन्या पत्रांत मोठमोठे मुत्सद्दीही स्वतःला "सेवक" लिहितात. तो मायना, म्हणजे पत्र लिहिण्याची ठरावीक रीत, आहे, त्यावरून दर्जा ठरवू नका. आणि कारभाऱ्याला "मुनीम" म्हणू नका, तो शब्द पेढीवरचा.

माजघर
वरचं पटतं, पण त्यामुळे हुजऱ्याला पार्श्वभूमीत ढकलू नका. कारभारी सदरेपर्यंत, धन्याच्या अंगाजवळ हुजऱ्या आणि खिजमतगार. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशवे मारले गेले, तेव्हा त्यांना चुलत्यापासून, म्हणजे रघुनाथरावांपासून, ओढून काढणारा तुळाजी पवार नोकर, आणि धन्याला वाचवायला धावून त्यांच्यासोबत कापला गेलेला चाफाजी टिळेकरही नोकरच. कट कागदावर शिजला असेल, पण त्या क्षणी हाताच्या अंतरावर होती ती ही माणसं.

"सगळे नोकरच" यात कुणबिणीला मात्र धरू नका. कुणबिणी, बटकी विकत घेतल्या जात, आंदण दिल्या जात. हुजऱ्या निदान दुसरी चाकरी शोधू शकतो, ती दार ओलांडून गेली तर पळालेली ठरते. तिच्या तोंडी "इमान" हा शब्द घालण्याआधी फार विचार करा.

लेखणबोरू
दोघांचे आभार. माझा कारभारी पैसे खातो. ते नेमकं कसं दाखवू? तिजोरीतून उचलले असं लिहिलंय.

मोडीवाचक
तिजोरीला हात तो लावणार नाही, खर्च वाढवेल. पागेचंच, म्हणजे घोड्यांच्या तबेल्याचंच, घ्या. पागेत घोडी ४१, कागदावर ५२. घोड्याला रोज दोन शेर चंदी (दाणा) धरली तर अकरा घोड्यांची बावीस शेर, महिन्याला ६६० शेर, म्हणजे चाळीस शेरी मणाने साडेसोळा मण हरभरा. वैरण, नाल, मोतद्दारांचा पगार वेगळा. हजिरीच्या, म्हणजे घोडी मोजण्याच्या, दिवशी शेजारच्या पागेतून अकरा घोडी मागून आणून उभी करायची. ही लबाडी त्या काळात सर्रास चाले. चूक कुठे होते, तर मेलेलं घोडं खर्ची टाकायचं राहतं आणि त्याच रंगाचं, त्याच खुणेचं घोडं हजिरीला मिळत नाही.

माजघर
आणि हे धन्याच्या आधी मोतद्दाराला कळतं! त्याला अक्षर येत नाही, पण चंदीची किती पोती उतरली आणि किती रात्री पुन्हा गाडीवर चढली, हे त्याच्या पाठीला माहीत असतं. त्याला सदरेवर बोलायची सोय नाही. तेव्हा तो सांगेल ते धनी रिकिबीत पाय ठेवतानाच, लगाम धरून, खाली मान घालून, एका वाक्यात. तुमचा प्रसंग तिथे आहे, तिजोरीपाशी नाही.