चार अँटेनाचा राउटर आणला म्हणजे सीएसआय आला का?

गोदाकाठचा:
परवा स्मार्टवाडा यांनी लिहिलं की आसुसचा आरटी-एसी८६यू राउटर घ्या, त्यात नेक्समॉन (वायफाय चिपचं फर्मवेअर बदलणारं मोफत सॉफ्टवेअर) टाका, अर्ध्या तासात सीएसआय सुरू (म्हणजे चॅनेल स्टेट इन्फर्मेशन, वायफायची लाट वाटेत कशी बदलली याची नोंद), मग भिंतीपलीकडं कोण बसलंय तेही कळतं, अन् ईएसपी३२ (वायफायवाला छोटा स्वस्त बोर्ड) वगैरे पोरखेळ आहे. त्याखाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागली म्हणून लिहायला बसलो, नाहीतर सोडून दिलं असतं.

पॅकेट यायला अर्धा तास पुरतो, ते खरंय. राउटरवर दुरून कमांड देता याव्यात म्हणून एसएसएच चालू करा, मूळ ड्रायव्हर काढून पॅच केलेला घाला, चॅनेल आणि बँडविड्थ देऊन पॅरामीटरची स्ट्रिंग बनवा, ती नेक्समॉनच्या नेक्सयुटिल या टूलला द्या, पॅकेटं टिपणारा टीसीपीडम्प पोर्ट ५५०० वर लावा. पण नेक्समॉनच्या रीडमीतली ओळ जशीच्या तशी उचलली तर कोअर मास्क (कोणते अँटेना ऐकायचे ते सांगणारा आकडा) १ राहतो, म्हणजे चारपैकी एकाच अँटेनाचा डेटा येतो. मग पैसे कशाचे मोजले? १५ केला की चारही येतात, पण एका फ्रेममागं (वायफायच्या एका संदेशामागं) चार वेगळी यूडीपी पॅकेटं, ती कोअर नंबर आणि सिक्वेन्स नंबर बघून तुम्हीच जुळवायची, मधलं एखादं गळलं की पुढची सगळी रांग सरकते अन् पोरं ओरडतात सर ग्राफ हलला, माणूस आला! माणूस नाही आला बाबा, पॅकेट गेलं.

शिवाय चौथा अँटेना डब्याच्या आत आहे. दिशा एकच निघायला अँटेनांमधलं अंतर अर्ध्या तरंगलांबीच्या आत लागतं, चॅनेल १५७ ला ती अर्धी तरंगलांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास, अन् बाहेरचे तीन एकमेकांपासून त्याहून लांब, म्हणून एकाच माणसाच्या दोन-तीन दिशा निघतात. आणि ज्याच्यावरून ही भिंतीपलीकडची हवा झाली ते एमआयटीचं २०१३ चं वाय-व्ही (वायफायनं भिंतीपलीकडची हालचाल टिपणारं संशोधन) सॉफ्टवेअर रेडिओवर, म्हणजे प्रयोगशाळेतल्या खास रेडिओवर होतं, दुकानातल्या राउटरवर नव्हतं.

स्मार्टवाडा:
सर, मी नवीन पोरांसाठी लिहिलं होतं, पीएचडीच्या व्हायवासाठी नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठाचा डेन्सपोझवाला (वायफायवरून शरीराची ठेवण काढणारा) पेपर बघा, तीन-तीन अँटेनाचे साधे राउटर लावून माणसाची अख्खी आकृती काढलीय. तिकडं होतं, इकडं कुणी लिहिलं की लगेच शंभर अडचणी. म्हणूनच मराठवाड्यात काही होत नाही.

गोदाकाठचा:
त्याच पेपरात, ज्या खोलीत ट्रेनिंग झालं नाही तिथं आकडे पडलेत हेही लिहिलंय. तेवढं पान उलटलं नाही वाटतं.

पत्र्याची_खोली:
मी परभणीची. तुम्ही दोघं अँटेना मोजत बसलात, पंख्याचं कुणी बोलायलंच नाही. सीएसआयवरून श्वास मोजायचा तर तो मिनिटाला बारा ते वीस, छातीची हालचाल काही मिलिमीटर, अन् डोक्यावर तीन पाती गरगर फिरायलीत. सगळा स्पेक्ट्रम (फ्रिक्वेन्सीचा आलेख) पंख्याचा. पेपरात पंखा नसतो, कारण तिकडं एसी असतो. मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली पंखा बंद करा म्हणणाऱ्यानं आधी स्वतः दुपारी दोन वाजता तिथं बसून दाखवावं. त्यात पत्र्यावरून लाटा इतक्या उसळतात की भिंतीपलीकडचं सोडा, समोरचा माणूस हलला की आजी कूस वळली हे कळेना.
आणि लाइट! लाइट जाऊन आली की राउटर परत कंपनीचा ड्रायव्हर घेऊन उठतो, रात्रभर लावलेलं रेकॉर्डिंग सकाळी बघावं तर मध्यरात्रीनंतर काहीच नाही. हे अर्ध्या तासात कुठं बसतं?

वजिराबादी:
ताई बरोबर बोलल्या. पण मूळ रोग वेगळाच आहे. हे राउटर घेणारी पोरं कॉन्फिगर करतच नाहीत, रेडीमेड प्रोजेक्ट घेतात. दुकानात जायचं, विषय सांगायचा, बॉक्स, रिपोर्ट, पीपीटी सगळं तयार. आमच्याकडं एक ग्रुप आलता, वायफायवरून पडलेला माणूस ओळखणे. डेमो झकास. मी म्हणलं राउटरची वायर काढ. काढली. तरी स्क्रीनवर "फॉल डिटेक्टेड"! आधी साठवलेली सीएसव्ही फाइल वाजवायलेत, लाइव्ह काहीच नाही.

निळी_नोटबुक:
आणि त्या ग्रुपला मार्क किती दिले ते पण सांगा ना सर.

वजिराबादी:
तो निर्णय माझा एकट्याचा नसतो.

निळी_नोटबुक:
हेच! दिलेच असतील. पोरं दुकानात का जातात विचारलं का कधी? आमच्या लॅबला कुलूप, चावी ज्यांच्याकडं ते रजेवर, गाइड म्हणतात यूट्यूब बघा. माझ्या मैत्रिणीनं खरंखुरं केलं होतं, आउटपुट वाकडंतिकडं आलं म्हणून एक्स्टर्नलनी झापलं, शेजारच्या रेडीमेडवाल्यांना शाब्बासकी. मग सांगा, शहाणं कोण?

वजिराबादी:
चाळीस जणांच्या बॅचला एक असिस्टंट, त्यात इलेक्शन ड्युटी, सर्वे, नॅकच्या फायली. शिक्षकाला शिव्या देणं सोपं असतं.

निळी_नोटबुक:
शिव्या नाही दिल्या. चावी मागितली.

उस्मानपुरा_सर्किट:
विषय कुठून कुठं गेला राव. मी ईएसपी३२ वाला, पोरखेळवाला. चारपाचशे रुपयांत बोर्ड, सीएसआय थेट सिरियलवर, ड्रायव्हर काढणं-घालणं नाही, लाइट गेली तर आल्यावर आपोआप चालू. दोन बोर्ड समोरासमोर ठेवा, एक पाठवतो एक ऐकतो, खोलीत कुणी आहे की नाही हे नुसत्या अ‍ॅम्प्लिट्यूडवर (लाटेच्या जोरावर) कळतं. आमच्या मामाच्या गोठ्यात लावलंय, गाय उठली की मोबाइलवर येतं. राउटरच्या पैशात अख्ख्या वर्गाला बोर्ड येतील. चाळीस पोरं चाळीस बोर्ड हाताळतील की चाळीस पोरं एका राउटरकडं लांबून बघतील?

गोदाकाठचा:
गाय उठलेली कळायला गायीच्या गळ्यातली घंटा पुरते. अ‍ॅम्प्लिट्यूड ठीक आहे, फेजचं (लाट आपल्या फेऱ्यात कुठं आहे त्याचं) काय करता? दर पॅकेटला फेज वाटेल तिथून सुरू होतो, पाठवणाऱ्याचं अन् ऐकणाऱ्याचं घड्याळ जुळत नाही. राउटरात चारही अँटेना एकाच घड्याळावर चालतात, एकाचा सीएसआय दुसऱ्याच्या कॉन्जुगेटनं (फेजचं चिन्ह उलट केलेल्या आकड्यानं) गुणला की ती गडबड दोघांतून जाते. चार अँटेनाचा खरा उपयोग हा. तुमच्या बोर्डाला अँटेनाच एक, गुणणार कशाला?

उस्मानपुरा_सर्किट:
म्हणजे शेवटी राउटरच घ्या म्हणता! मग स्मार्टवाडाला एवढं धुतलं कशासाठी? फेजचं मान्य, एका बोर्डावर ते होत नाही. पण तुम्हीच सांगितलं मास्क चुकला तर राउटरपण एकाच अँटेनाचा. असा राउटर म्हणजे माझाच बोर्ड, फक्त महाग. आणि घंटा मोबाइलवर वाजत नाही सर, मामा रानात असतो.

पत्र्याची_खोली:
अन् पंखा? गुणाकारानं पंखा जातो का?

गोदाकाठचा:
नाही जात. घड्याळाची गडबड जाते, पंखा खरोखरच फिरतोय, तो राहणारच. पॅकेटचा वेग वाढवा, पाठवणाऱ्याकडून सेकंदाला शंभरएक फ्रेम येऊ द्या, म्हणजे पंखा वरच्या फ्रिक्वेन्सीत वेगळा निघतो, मग फिल्टर लावून बघा. सेकंदाला दहा फ्रेम घेतल्या तर तो खऱ्यापेक्षा हळू फिरतोय असं भासून, म्हणजे दुमडून, श्वासाच्या जागेत येऊन बसू शकतो. अन् राउटर इन्व्हर्टरवर घ्या, स्टार्टअपला ड्रायव्हर चढवायची स्क्रिप्ट टाका.

पत्र्याची_खोली:
इन्व्हर्टर आजीच्या खोलीला आहे, राउटरला नाही. शंभर फ्रेमचं करून बघते. हे आधीच सांगितलं असतं तर एवढी भांडणं वाचली असती.

स्मार्टवाडा:
ठीके. मास्क १५ ची ओळ आणि "अर्धा तास फक्त पॅकेट येईपर्यंत" हे पोस्टमध्ये घालतो. बाकीचं प्रवचन इथंच राहू द्या, लोकांना वाचायला वेळ असला तर वाचतील.

गोदाकाठचा:
घालताना पाठवणाऱ्याच्या मॅकचा (यंत्राच्या वायफाय पत्त्याचा) फिल्टरपण घाला. नाहीतर शेजाऱ्याच्या टीव्हीच्या फ्रेमा त्यात मिसळतील अन् पोरं म्हणतील, घरात दोन माणसं आहेत.