उजनीच्या गाळात होडीला कोणतं इंजिन लावावं?

हडपसरकर:
नमस्कार मंडळी. राहायला हडपसरला, पण आमची थोडी जमीन भिगवणच्या पुढे उजनी धरणाच्या काठाला आहे. चुलतभाऊ आणि मी मिळून १६ फुटी, सपाट बुडाची फायबरची होडी घेतोय. धंदा करायचा नाही. घरचेच तीन-चार जण, कॅमेरे, दुर्बीण आणि डबा, एवढाच बोजा.

दिवाळीच्या सुमारास पाणी बांधाला लागलेलं असतं, तेव्हा काहीही चालेल. पण रोहित पक्षी बघायची खरी मजा जानेवारीनंतर, आणि तेव्हा काठापासून लांबपर्यंत वर गुडघाभर पाणी नि खाली मांडीभर गाळ. पुण्यातल्या एका दुकानदाराने ९.९ एचपीचं आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून अडकवायचं इंजिन) दाखवलं, म्हणाला डोळे झाकून घ्या. किंमत ऐकून डोळे उघडेच राहिले. जेट, थायलंडची लांब शाफ्टची इंजिनं, मड मोटर, बॅटरीची मोटर असं सगळं यूट्यूबवर बघून झालंय आणि आता काहीच ठरत नाहीये. कुणी प्रत्यक्ष वापरलंय का?

पेठेतला_शंकेखोर:
चौघांपैकी पोहता किती जणांना येतं? आधी ते लिहा, इंजिनाचं मग बघू.

भोसरी_लेथ:
शंकेखोरांचा प्रश्न खवचट असला तरी रास्त आहे.

माझं भोसरीत शाफ्ट, बुश, बेअरिंगचं वर्कशॉप आहे. तळ्यातली जलपर्णी काढणाऱ्या होड्यांचं कामही अधूनमधून येतं, त्यामुळे गाळ लोखंडाचं काय करतो ते बघत आलोय. एचपी बाजूला ठेवा. दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा: इंजिन गार कशाने होतं, आणि पंखा जमिनीला टेकला तर काय होतं?

तुम्हाला दाखवलेलं आउटबोर्ड गार होतं ते खालून ओढलेल्या पाण्यावर. पाण्यात बुडलेल्या भागात रबराचा छोटा इम्पेलर असतो, त्याच्या पात्या धातूच्या वाटीला घासत फिरतात. स्वच्छ पाण्यात हे प्रकरण वर्षानुवर्षं चालतं. गाळाच्या पाण्यात मात्र तीच वाटी पॉलिश पेपरने घासल्यासारखी झिजते. उघडून आत बोट फिरवलं तर नखाला चरे लागतात, आणि रबराच्या पात्या एका बाजूला वाकून तशाच राहिलेल्या असतात. इंजिन चालू असताना मागून पाण्याची बारीक धार पडते, ती तुटक झाली की लगेच बंद करायचं. ‘अजून थोडं पुढे जाऊ’ म्हणणाऱ्यांची इंजिनं मग माझ्यासारख्याकडे येतात.

शिवाय शॉर्ट शाफ्ट म्हटलं तरी १५ इंच. त्याच्या खाली पंख्याचा घेर आणि त्याहून खाली कल्ला, म्हणजे पंख्याखालची उभी पात. म्हणजे निदान दोन फूट मोकळं पाणी हवं. उथळ पाण्यासाठी तिरकं उचलून चालवायची खाच बऱ्याच मॉडेलना असते, पण इंजिन उचललं की पाणी ओढायची जाळीही वर येते. तिथेच घोटाळा होतो.

जेट म्हणजे खालून पाणी ओढून मागे जोरात फेकणारा पंप. त्याचा मोह सगळ्यांना पडतो, कारण बुडाखाली पंखाच नाही. १९५०च्या दशकात न्यूझीलंडमध्ये विल्यम हॅमिल्टन यांनी तो तिथल्या उथळ, गोटे-वाळूच्या नद्यांसाठी वाढवला. तिथलं पाणी नितळ, इथलं चहाच्या रंगाचं. जेट खालून जे मिळेल ते ओढतो: जलपर्णीची मुळं, शेवाळ, चिखल, तुटकी जाळी. तोंडाची जाळी तुंबली की वाकून हाताने साफ करा. आउटबोर्डला जेट लावला तर साधारण ३० टक्के ताकद त्यातच जाते, तो हिशोब वेगळा. उजनीसाठी माझ्याकडून साफ नाही.

लांब शाफ्टचं थायलंडी इंजिन, म्हणजे लाँगटेल, हे मुळात आपल्या शेतातल्या पाण्याच्या पंपाचंच हवेवर गार होणारं पेट्रोल इंजिन. त्याला पाच-सहा फुटांचा सरळ शाफ्ट नि टोकाला छोटा पंखा. सगळं धूड होडीच्या मागच्या फळीवर एका खिळीवर तोललेलं. हँडल खाली दाबलं की पंखा वर येतो. गाळ लागला, दाबा. पाणी मिळालं, सोडा. पाण्याचा पंपच नाही, तर तुंबणार काय? तुमच्या होडीला ५.५ ते ६.५ एचपी पुरे. सुटा भाग हवा असेल तर तालुक्याच्या गावी मिळतो, हा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा गुण.

खोडीही सांगतो. साध्या लाँगटेलला गिअर नाही, रिव्हर्स नाही. इंजिन चालू म्हणजे पंखा चालू, म्हणून किल स्विचची (ओढला की इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी मनगटाला बांधल्याशिवाय हात लावायचा नाही. वळायला जागा लागते. आवाज फडफडा येतो. आणि शाफ्टच्या टोकाचा बुश: आत गाळ गेला की आधी शाफ्ट थरथरतो, मग पाणी ट्यूबमधून वर चढतं. ग्रीस निपल आहे ना ते बघून घ्या आणि फेरीहून आलं की जुनं काळं ग्रीस बाहेर पडेपर्यंत गन मारा. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून लोक करत नाहीत.

मड मोटर म्हणून विकतात ती सरफेस ड्राइव्ह, त्यात पंखा अर्धा पाण्याबाहेर राहून फिरतो. जोरकस आहे, पण जड. तुमच्या होडीचं मागचं बूड बसेल. सोडून द्या.

कुंभारगावचा:
दादा, घरी मासेमारी आहे, मी सध्या नोकरीला वाघोलीत. लेथवाल्या साहेबांचं बरोबर आहे, पण एक राहिलं. पक्ष्यांजवळ आमच्याकडं कुणी इंजिन लावतच नाही. लांब बंद करायचं नि पुढं बांबू. रोहित चिखलात मान उलटी घालून खात असतो, आवाज झाला की आख्खा थवा उठतो आणि मग कॅमेऱ्यात नुसते शेपटे येतात.

बांबू पण साधा नको. काळ्या मातीच्या गाळात टोक हातभर घुसतं, आणि काढताना होडी मागं येते किंवा तुम्ही पाण्यात जाता. खालच्या टोकाला आडवा लाकडी ठोकळा पक्का बांधा, घुसणार नाही.

दुसरं म्हणजे तंगूस. नायलॉनची बारीक जाळी पाण्यात दिसत नाही. पंख्यात गुंतली की जाळ्यावाल्याचं नुकसान आणि तुमचंही. बाटल्यांचे, थर्माकोलचे तरंग दिसले की लांबून वळा. उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे वापरायचा साठा संपून पाणी मृत साठ्यात उतरलं, की जुन्या विहिरी, घरांच्या भिंती, बाभळीचे खुंट पाण्याच्या जेमतेम खाली असतात. पळसदेवचं जुनं देऊळ तर उन्हाळ्यात उघडंच पडतं. नवख्यानं तिकडं रेस करायची नाही.

आणि एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पाण्यात राहू नका. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी मार्गावर वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. लाइफ जॅकेट अंगात, बाकाखाली नाही.

हडपसरकर:
सगळ्यांचे आभार. शंकेखोर, दोघांना येतं, जॅकेट चौघांना घेणार. आवाजाचं वाचून परत बॅटरीच्या मोटरकडे मन वळतंय. ५५ पौंड रेट्याची (वजनाची नव्हे) बघितली, १२ व्होल्टची. तीच एकटी पुरेल का?

भोसरी_लेथ:
एकटी नाही. ती पूर्ण वेगावर ५० अँपिअरच्या आसपास ओढते. १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणजे हातात आला एक तास. हळू चालवली तर बराच जास्त मिळेल, पण समोरून वारा आला तर हळू चालवून घरी पोचत नाही. गवतात न अडकणारा पंखा मिळतो, तो घ्या. मात्र यात मोटर पाण्याखालीच असते. तंगूस पंख्यामागे गुंडाळलं गेलं की सील कापतं आणि पाणी आत जातं. दर वेळी पंखा काढून मागे बघायचं, एका नटाचं काम आहे.

माझं मत विचाराल तर लाँगटेल जायला-यायला, पक्ष्यांजवळ बांबू. बॅटरीची मोटर पुढच्या वर्षी, हौस उरली तर. आउटबोर्ड नको.

हडपसरकर:
ठरलं. पण होडीची मागची फळी आउटबोर्डच्या हिशोबाने बनवलेली आहे. लाँगटेलची खिळी तिच्यावर बसेल?

भोसरी_लेथ:
फळीची जाडी, उंची आणि आतून प्लाय आहे की नुसतं फायबर, ते मोजून पाठवा. नुसतं फायबर असेल तर खिळीची प्लेट आतून-बाहेरून दोन्हीकडे लागेल, नाहीतर थरथरीने भोकं मोठी होतात. फोटोत टेप धरलेली दिसू दे. वर्कशॉपला यायचं तर गुरुवार सोडून या, एमआयडीसीला सुट्टी असते.