ज्या युद्धाला विरोध केला त्यातच मुलगा गेला, तर आईबापांनी बोलावं की गप्प बसावं?

वाटसरू:

अँड्र्यू बेसेविच हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसेल. व्हिएतनाममध्ये लढले, कर्नल म्हणून निवृत्त झाले, मग बोस्टन विद्यापीठात शिकवू लागले. अमेरिकेने २००३ साली इराकवर चाल केली तेव्हापासून हे गृहस्थ उघडपणे लिहीत होते की हे युद्ध मुळातच चुकलेलं आहे. १३ मे २००७ ला त्यांचा मुलगा इराकमध्ये स्फोटात गेला. वय २७, सैन्यात लेफ्टनंट, नाव बापाचंच.

दोन आठवड्यांनी, २७ मे ला, त्यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये लेख लिहिला. सांत्वनाचे शेकडो निरोप आले होते. त्यातल्या दोघांनी सुनावलं होतं की तुमच्या विरोधामुळे शत्रूला बळ मिळालं, पोराच्या मरणाला तुम्हीच जबाबदार. राज्याचे दोन्ही सिनेटर, केनेडी आणि केरी, अंत्यविधीच्या वेळी येऊन गेले. युद्ध थांबवा म्हटल्यावर दोघांनी घटकाभर ऐकल्यासारखं केलं आणि ‘आम्हाला दोष देऊ नका’ असा सूर लावला. मुलाच्या मरणाबद्दल सरकारकडून मिळालेल्या चेकचाही हिशेब त्या लेखात आहे: यांकीज संघ रॉजर क्लेमन्स या बेसबॉलपटूला एका इनिंगला देणार साधारण तेवढेच पैसे.

आपल्याकडे जवानाचं पार्थिव गावात येतं तेव्हा काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. फुलांनी सजवलेला ट्रक, दुतर्फा शाळेची पोरं, ‘अमर रहे’, पालकमंत्री, हवेत बंदुकीच्या फैरी. त्या गर्दीत बापाने ‘माझं पोरगं फुकट गेलं’ असं म्हटलं, तर किती जण ऐकून घेतील? माझं म्हणणं सरळ आहे. ‘बलिदान वाया जाणार नाही’ हे सांत्वन ज्याला पटतं त्याने घ्यावं. ज्याला पटत नाही त्याच्यावर ते लादू नये, आणि तो चारचौघांत बोलला तर त्याला देशद्रोही ठरवू नये.

स्पष्टवक्ती:

लादू नये, मान्य. पण बोलणारे आईबाप कुणाचं नाव वापरतात, हाही प्रश्न आहेच की.

सिंडी शीहान आठवतात का? मुलगा केसी, वय २४, सैन्यात गाड्यांचा मेकॅनिक. मुदत संपत आली असताना त्याने पुन्हा सही केली होती. अडकलेल्या सोबत्यांना सोडवायला निघालेल्या तुकडीबरोबर गेला आणि ४ एप्रिल २००४ ला बगदादच्या सद्र सिटीत मारला गेला. ऑगस्ट २००५ मध्ये आई टेक्सासातल्या क्रॉफर्ड गावी बुश यांच्या रँचबाहेर तंबू ठोकून बसली. माझा मुलगा कुठल्या उदात्त कारणासाठी गेला ते राष्ट्राध्यक्षांनी तोंडावर सांगावं, एवढीच मागणी. त्या जागेला नाव दिलं ‘कँप केसी’. आठवडा उलटायच्या आत सासरच्यांचं पत्रक आलं: आम्हीही केसीला गमावलंय, आम्ही शांतपणे दुःख करतोय, तिचं राजकारण आणि प्रसिद्धीचे मार्ग आम्हाला मान्य नाहीत.

आणि ते क्रूस! आंदोलकांनी रस्त्याकडेला मेलेल्या सैनिकांच्या नावांचे पांढरे क्रूस रोवले होते. एक बाप आला आणि आपल्या मुलाच्या नावाचा क्रूस उपटून घेऊन गेला. पुन्हा लावला, पुन्हा उपटला. त्याला ते युद्ध बरोबर वाटत होतं आणि मुलाचं नाव या गर्दीत नको होतं. आता सांगा, या बापाचा शोक खोटा?

वाटसरू:

खोटा कोण म्हणतंय? तो क्रूस न्यायचा त्याला पूर्ण हक्क होता. पण ‘शांतपणे दुःख करा’ हे नेहमी विरोध करणाऱ्यांनाच ऐकवलं जातं. अभिमान वाटतो म्हणणाऱ्या आईला कुणी सांगितलंय का, की बाई, कॅमेऱ्यासमोर बोलू नका, हे राजकारण झालं?

घरचंच उदाहरण घ्या. दिल्लीतली विद्यार्थिनी गुरमेहर कौर. तिचे वडील सैन्यात होते, १९९९ मध्ये काश्मीरमध्ये मारले गेले. माझ्या वडिलांना पाकिस्तानने नाही, युद्धाने मारलं, अशा आशयाचा फलक तिने धरला होता. २०१७ मध्ये तो फोटो फिरला आणि बलात्काराच्या धमक्यांपर्यंत मजल गेली. मुलगी स्वतःच्या बापाबद्दल बोलत होती हो!

माधवी, न्यू जर्सी:

स्पष्टवक्तीताई, नाव वापरण्याबद्दल बोलताय तर पॅट टिलमनचंही सांगा. अमेरिकन फुटबॉलमधली लाखो डॉलरची कमाई सोडून सैन्यात गेला. इराक युद्ध बेकायदेशीर आहे असं त्याचं स्वतःचं मत होतं. २२ एप्रिल २००४ ला अफगाणिस्तानात मारला गेला. लष्कराने जाहीर केलं की शत्रूशी लढताना गेला, सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक दिलं, टीव्हीवर मोठी शोकसभा झाली. सगळं पार पडल्यावर मेअखेरीस घरच्यांना कळलं की गोळ्या आपल्याच सैनिकांच्या होत्या. लष्करी इतमामाने अंत्यविधी नको, असं तो आधीच लिहून गेला होता. खरं बाहेर काढण्यासाठी आईला वर्षानुवर्षं कागदपत्रांशी झगडावं लागलं. ती ‘शांतपणे दुःख’ करत बसली असती तर आजही सगळे ती खोटी गोष्टच सांगत असते.

आणखी एक. अमेरिकेतल्या डोव्हरच्या लष्करी विमानतळावर उतरणाऱ्या सैनिकांच्या शवपेट्यांचे फोटो घ्यायला १९९१ पासून बंदी होती, ती २००९ मध्ये उठली. आता घरच्यांनी हो म्हटलं तर कॅमेरा. मला हे ठीक वाटतं. ज्याचं त्याने ठरवावं.

निवृत्त सुभेदार:

चर्चा चांगली चाललीय, पण सगळे बाहेरून बोलताय म्हणून दोन शब्द.

मी १९८८ ला श्रीलंकेत होतो, शांतिसेनेत. ज्यांना आधी आपणच शिकवलं त्या तमिळ टायगर्सशीच लढायला लागलो. बाराशेच्या आसपास आपले जवान तिथे गेले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला आले नाहीत. तमिळांवर अत्याचार करून आलेल्या सैन्याचं स्वागत कसलं, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या सेक्शनमधला एक पोरगा गेला. सुट्टीवर येताना त्याचं सामान मीच घरी पोचवलं. काळी ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. आत दाढीचं सामान, दोन इनलँड लेटर, बहिणीसाठी घेतलेली साडी. वडील शेतकरी, शिकलेले नव्हते, पण रेडिओ रोज ऐकायचे. त्यांनी एकच विचारलं, ‘सायेब, तितं आपलं काय हुतं?’ मी म्हणालो, हुकूम होता. त्यांनी मान हलवली आणि चहा ठेवायला सांगितला.

ते घरात बोलले, मला बोलले. त्यांचा हक्कच होता. पण हेच पेपरात छापून आलं असतं, तर माझी बाकीची पोरं तेव्हा जाफन्यात पोस्टवर उभी होती हो. त्यांनी ते वाचून दुसऱ्या दिवशी गस्तीला कसं जायचं? सैनिक सरकारच्या धोरणासाठी लढत नाही, शेजारच्या माणसासाठी लढतो. लढाई चालू असताना घरच्यांनी थोडी कळ काढावी, असं माझं मत आहे. संपल्यावर खुशाल बोला.

तर्कट:

दोन पानं झाली, त्यात मेलेला एक तरी इराकी आहे का? लाखाच्या वर साधी माणसं गेली तिथे. त्यांच्या आयांनी ना युद्धाला पाठिंबा दिला ना विरोध, त्यांना कुणी विचारलंच नाही. केसीच्या आईला निदान तंबू ठोकता आला.

जुनी पोथी:

थोडं अवांतर. इराकच्या मातीत आपली माणसंही आहेत. पहिल्या महायुद्धात सहावी पुणे डिव्हिजन कुत अल-अमाराला तुर्कांच्या वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. त्यात मराठा पलटणी होत्या. कित्येक जण कैदेत उपाशी मेले. बादशहाच्या युद्धाबद्दल तुमचं मत काय, असं त्यांच्या आईबापांना विचारायला कोण जाणार? गावाला दगड मिळाला: इतके गेले, इतके मेले. साताऱ्याकडच्या गावांत असे दगड अजून दिसतात. चालू द्या.

लीड्सवासी:

सुभेदारसाहेब, तुमच्याबद्दल आदर ठेवून असहमत. संपल्यावर बोला म्हणता, पण संपलं हे ठरवणार कोण?

इथे ब्रिटनमध्ये रेग कीज नावाचे गृहस्थ आहेत, अँब्युलन्स सेवेत काम केलेले. मुलगा टॉम, लष्करी पोलीस, जून २००३ मध्ये माजर अल-कबीरला पाच सोबत्यांसह जमावाकडून मारला गेला. ज्यांच्या नावाखाली युद्ध सुरू केलं ती महासंहारक अस्त्रं सापडेनात, तसा बापाचा विश्वास उडाला. २००५ च्या निवडणुकीत ते थेट ब्लेअर यांच्याच मतदारसंघात उभे राहिले. मतं मिळाली ४,२५२. निकालाच्या रात्री मंचावर हे मुलाबद्दल बोलत होते आणि पंतप्रधान मागे दगडासारखा चेहरा करून उभे होते. तेव्हा ब्रिटिश सैन्य इराकमध्येच होतं. कीज यांच्यासारख्या घरांनी तेव्हा गलका केला नसता, तर इराक युद्धाची चिलकॉट चौकशी बसली असती असं मला वाटत नाही. तिचा अहवाल यायलाही ६ जुलै २०१६ उजाडलं. श्रीलंकेबाबत आपल्याकडे अशी कुठली उघड चौकशी झाली, सांगा. त्या शेतकऱ्याचा प्रश्न घरातच राहिला म्हणून तर नाही झाली?

निवृत्त सुभेदार:

शेवटचं वाक्य लागलं. पण पोस्टवरच्या पोरांचं काय, याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत.

स्पष्टवक्ती:

सुभेदारसाहेबांना +१.

लीड्सवासी, कीज यांच्याबद्दल मला आक्षेप नाही. ते स्वतः उभे राहिले, स्वतःच्या नावावर मतं मागितली. बेसेविच यांचं मला पटतं ते यासाठीच. त्या एका लेखानंतरही युद्धाविरुद्ध भरपूर लिहिलं, पण मुलाला त्यात ओढलं नाही.

वाटसरू:

ओढलं नाही, खरं. पण त्याच लेखाचा शेवट वाचा. मुलगा आपलं सर्वस्व देत होता तेव्हा मी काहीच करत नव्हतो, मी त्याला कमी पडलो, असं लिहिलंय त्यांनी. मर्यादा पाळणाऱ्या बापाच्या वाट्यालाही हेच आलं. आणि योगायोग बघा, लेख आला २७ मे ला आणि दुसऱ्याच दिवशी सिंडी शीहान यांनी आंदोलन सोडत असल्याचं जाहीर केलं. केसी कशासाठीही मेला नाही, हे आता मान्य करावं लागतंय, असं लिहून. एक संयमाने वागला, दुसरीने रस्त्यावर तंबू ठोकला. तुम्ही मात्र मार्क फक्त वागण्याला देताय.

स्पष्टवक्ती:

मार्क देत नाहीये. कुठल्याही आईने बोलावं, मी ऐकेन. तिच्या वतीने पक्ष, संघटना आणि धागाकर्ते बोलायला लागतात तिथे माझी हरकत आहे.

माधवी, न्यू जर्सी:

मग शीहान बाईंच्या वतीने सासरच्यांनी पत्रक काढलं ते कसं चाललं तुम्हाला?

स्पष्टवक्ती:

तिच्या वतीने नाही, स्वतःच्या वतीने. केसी त्यांचाही नातू होता, पुतण्या होता. पत्रक पुन्हा वाचा.